कुरकुऱ्या एकटा घरी आला

दलदलीच्या काठी राहणाऱ्यांचं एक बरं असतं. रस्ता चुकला म्हणून कुणाला बोल लावता येत नाही, कारण मुळात रस्ताच नसतो. काल जिथे बसून डबा खाल्ला तिथे आज तळ लागत नाही, आणि काल जिथे कमरेपर्यंत रुतलो तिथे आज खणखणीत जमीन. दलदल कूस बदलते, झालं. तिच्या पोटात कोण राहतं ते कुणी धड पाहिलेलं नाही. लोक त्यांना नुसतं 'खालचे' म्हणतात आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतात. म्हणून वस्तीतले फळ्यांचे रस्ते जिथे संपतात, त्या मोठ्या खांबाच्या पलीकडे माणूस एकटा पाऊल टाकत नाही. पुढे चाचप्या, मागे माणूस.

चाचप्या म्हणजे वासराएवढं जनावर. पसरट पंजे, हातभर मिशा, शेपटी नावापुरती. एक पाय पुढे टाकायचा, मिशांनी चिखल चाचपायचा, पटलं तर अंगाचा भार द्यायचा, नाही पटलं तर हलायचं नाही. इतकं गुणी जनावर दुसरं नाही. पण गुण सगळ्यांचा एक असला तरी स्वभाव एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

ती मेख सोडवायला चाचप्यांच्या आवारात एक पारखीण होती. तिची आईही पारखीणच होती, त्यामुळे हे काम तिच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. पिल्लू आणलं की ती त्याच्यासोबत दिवसभर बसायची, त्याचं खाणं लांबवायची, पाठीमागे पातेलं आपटायची, दुसऱ्याचे लाड त्याच्यासमोर करायची, आणि मग सांगायची हा कसा आहे. एक होता रुसका. 'चल' म्हटलं की बसायचा. एक मादी होती, तिला आवारात सगळे थोरली म्हणत. दुसऱ्या कुणाच्या मागून चालावं लागलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ती त्या दिवशी जेवायची नाही. एकाला माणसांत फक्त टकले आवडत. का, ते देवाला ठाऊक. पारखीण कुणाला नावं ठेवायची नाही. ती फक्त जोडी लावून द्यायची: उतावळ्या माणसाला संथ चाचप्या, भित्र्याला धीट, बडबड्याला मुका. एकाच स्वभावाचे दोघं एकत्र दिले की ते एकमेकांना शाबासकी देत बुडतात, असं ती म्हणायची.

तिच्या नवऱ्याची गाठही अशीच पडली. तो कंद काढणारा. दलदलीत खोलवर जे उजेडाचे कंद मिळतात, घराघरांत काचेच्या बरणीत ठेवतात ते, तो टोपली भरून आणायचा. माणूस इतका सुखी जीव की घराला आग लागली तरी आधी शेकून घेईल. त्याला धीट चाचप्या देणं म्हणजे दोघांनाही पोचवणं. म्हणून तिने त्याला आवारातला सगळ्यात कटकट्या नग दिला. त्याचं नाव कुरकुऱ्या. ऊन पडलं तरी कुरकुर, ढग आले तरी कुरकुर, खायला दिलं तर इतकंच का म्हणून आणि जास्त दिलं तर एवढं कोण खाणार म्हणून. कंदवाला दर आठवड्याला तक्रार घेऊन आवारात यायला लागला. तक्रार चाचप्याची, आणि नजर भलतीकडे. आवार झाडणाऱ्या मावशींच्या ते पहिल्याच खेपेला लक्षात आलं. जनावराच्या मिशीवरून मन ओळखणाऱ्या पारखिणीला कळायला मात्र वर्ष गेलं. मावशी त्यावरून तिला लग्नानंतरही चिडवायच्या.

लग्नानंतर घरात माणसं चार: ही दोघं, सासूबाई आणि धाकटा दीर. दीरही कंदच काढायचा, पण दलदलीच्या दुसऱ्या अंगाला. पाचवा कुरकुऱ्या, आणि आवाज सगळ्यांत जास्त त्याचाच.

आता कंदवाल्याने कुरकुऱ्याला एक खोड लावली होती, ती सांगायला हवी. परतताना मोठ्या खांबाच्या पलीकडे एक पट्टा लागायचा. तो पट्टा कधी हललेला कुणाच्या आठवणीत नव्हता. तिथे पोचलं की कंदवाला कुरकुऱ्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "जा, सांग." कुरकुऱ्या तडक घरी. दार ओरबाडायचा. आतल्या खाटेवरून सासूबाई म्हणायच्या, "आला वाटतं. पाणी ठेव." पारखीण मीठ घालून पाणी गरम करायला ठेवायची, कारण जळवा सुटायला दुसरा उपाय नाही. पाणी तापेपर्यंत हा शीळ घालत हजर. पायऱ्यांवर बसून पाय घमेल्यात सोडायचा आणि दिवसभर कुरकुऱ्या कशाकशाला नावं ठेवत होता ते त्याच्याच आवाजात करून दाखवायचा. सासूबाई हसून हसून खोकायच्या.

हे नियमात बसणारं नव्हतं. माणसाचा पाय फळीवर पडेपर्यंत चाचप्याने त्याला सोडायचं नाही, हे पिल्लाला पहिल्यांदा शिकवतात. पारखीण रोज दुसऱ्यांना हेच दरडावून सांगायची आणि घरी येऊन कानाडोळा करायची. तिला ते दार ओरबाडणं आवडायचं. दिवसभराच्या कामातून घरी आलं की त्या आवाजाची वाट बघायची सवयच लागली होती तिला.

आणि एक दिवस कुरकुऱ्या आला, त्याच वेळेला, दार ओरबाडलं, तिने पाणी ठेवलं, आणि कंदवाला आला नाही.

नंतर शोध घेतला तेव्हा फक्त टोपली सापडली. खांबापासून हाकेच्या अंतरावर. तो कधी न हललेला पट्टा त्या दिवशी हलला होता. टोपलीतले कंद अजून उजळत होते. मुकादमाने, म्हणजे आवाराच्या प्रमुखाने, घरी येऊन तिला विचारलं की काय झालं, आणि ती म्हणाली, "कुरकुऱ्या एकटाच आला." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

रडूही आलं नाही. लोक येत होते, बसत होते, तिच्या गळ्यात पडून रडत होते, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवून त्यांना पाणी आणून देत होती. पाय बधिर झाल्यावर तो आपला असून आपला वाटत नाही ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. उकळतं पातेलं तिने फडक्याशिवाय उचललं आणि हाताला फोड आले ते दुसऱ्या दिवशी मावशींनी दाखवले तेव्हा तिला कळलं. माणसं कुजबुजायची की बाई दगड आहे. तिला ते ऐकू यायचं. वाईट वाटायला हवं असं तिला वाटायचं, पण वाटायचं काही नाही. लवकरच ती कामावर जायला लागली, कारण घरी बसून करायचं काय.

सासूबाईंनी खाट भिंतीकडे फिरवून घेतली. गुडघे आधीच गेलेले, आता त्यांनी उठणंच सोडलं. सूनबाईने भरवलं तर खायचं, नाहीतर पडून राहायचं. एकदाच बोलल्या, तेही कुरकुऱ्याबद्दल. त्या जनावराचं तोंड मला दाखवू नका म्हणाल्या. दीर दारात उभा होता, त्याने मान हलवली.

दिराचं म्हणणं साधं होतं. कुरकुऱ्या पळाला. खांबापाशी थांबून नुसता ओरडला असता तरी अर्धी वस्ती धावली असती, आयुष्यभर कुरकुर करणाऱ्याला नेमकं तेव्हाच ओरडता येत नव्हतं का? हे तो रागाने बोलायला लागायचा आणि मध्येच त्याचा आवाज फुटायचा. भावाचा सदरा अंगात घालून फिरत होता बिचारा, बाह्या लांब पडत होत्या तरी.

वस्तीची रीत अशी की चाचप्या एकटा परत आला तर त्याला कोंडवाड्यात ठेवायचं आणि महिना उलटला की त्याची परीक्षा घ्यायची. आवाराच्या मागे एक डबकं आहे, पिल्लांच्या शिकवणीचं. चिखल खरा, पण छातीच्या खाली फळ्यांचा तळ, त्यामुळे कुणी बुडत नाही. गेलेल्या माणसाच्या घरचं कुणीतरी त्यात उतरतं आणि गप्प उभं राहतं. हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. चाचप्या तिथेच थांबून ओरडला तर तो निर्दोष. त्याच्या कानातली पाळीवपणाची कडी तशीच राहते आणि तो घरी जातो. सोडून गेला, तर कडी काढतात आणि त्याला खांबापलीकडे नेऊन सोडतात, माणसाशिवाय. घरात वाढलेला चाचप्या तिथे फार वेळ टिकत नाही. खालच्यांना एकटं जनावर लगेच कळतं.

आणि ही परीक्षा घ्यायची कुणी? आवारातल्या पारखिणीने.

तो महिनाभर ती कुरकुऱ्याला रोज खायला घालत होती. गोगलगाईंची पाटी आत सरकवायची आणि निघायचं. कोंडवाड्यातल्या जनावराला कुणी हात लावायचा नाही, बोलायचं नाही, हाही नियमच. कुरकुऱ्या पाटीकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि कुरकुरायचा. तिच्या टेबलापर्यंत तो आवाज यायचा. ती दुसऱ्या पिल्लांच्या मागे पातेली आपटत बसायची.

मुकादम भला माणूस. त्याने आडवळणाने सुचवलं की शेजारच्या वस्तीतून दुसरी पारखीण बोलावता येईल, आणि डबक्यात दीर उतरेल, बाईंनी घरी थांबावं. पण कुरकुऱ्याचं दिराशी कधीच पटलं नव्हतं. दिराने एकदा गंमत म्हणून त्याच्या मिशांना गाठ मारली होती आणि कुरकुऱ्या विसरणाऱ्यांतला नव्हता. दीर बुडाला तर हा आनंदाने बघत बसेल, परीक्षा कसली डोंबलाची. हे तिने मुकादमाला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली की मीच उतरते. मुकादमाला हसावं की काय ते कळेना.

त्या दिवशी सकाळी तिने सासूबाईंना भरवलं, तोंड पुसलं आणि सांगितलं की आज आहे. सासूबाई भिंतीकडेच बघत राहिल्या. तिने दार नुसतं लोटून घेतलं आणि गेली.

डबक्याभोवती बरीच माणसं जमली होती. तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मुकादमाने धरलं. ती उतरली. चिखल मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत आला. गार असणार, कारण काठावरच्या बायकांनी अंग चोरून घेतलं. तिला गार लागला नाही. मावशींनी कुरकुऱ्याला सोडलं.

तो आला तो तक्रार करतच. डबक्याच्या कडेने एक फेरी मारली. मिशा चिखलात बुडवून बघितल्या, झटकल्या. तिच्याकडे बघितलं. लोकांकडे बघून कुरकुरला, मग पुन्हा तिच्याकडे. आणि मग त्याने एक गोष्ट केली जी काठावरच्या कुणाला कळली नाही. तो वळला, अगदी कडेला आला, आणि त्याने आपला पुठ्ठा तिच्या हाताशी येईल असा पुढे केला. तसाच उभा राहिला. मान घराच्या दिशेला.

तो थाप मागत होता.

तिने हात हलवला नाही, नियमच होता तो. पण तिच्या डोळ्यांपुढे ते आलं. खांबाजवळचा पट्टा, छातीपर्यंत चिखलात गेलेला तिचा माणूस, आणि कडेला असाच पुठ्ठा पुढे करून उभा राहिलेला कुरकुऱ्या. ओरडून काय होणार होतं? याच्या ओरडण्याकडे वस्तीत लक्ष देतं कोण? तो रोजच ओरडायचा. कंदवाल्याला तेवढी अक्कल होती. त्याने हात चिखलातून सोडवून थाप मारली असणार आणि म्हणाला असणार, जा, सांग.

आणि कुरकुऱ्याने सांगितलं होतं. दार ओरबाडलं होतं. तिने पाणी ठेवलं, तरी ओरबाडतच राहिला होता. तिचा पदर तोंडात धरून दाराकडे ओढत होता, पायऱ्या उतरून खाली जात होता, परत वर येत होता, आणि ती म्हणाली होती, अरे हो, ठेवलंय पाणी, कळलं. सगळ्या खोलीभर चिखलाचे पंजे उमटले होते. नुकती पुसलेली फरशी. ती वैतागली होती. त्याच्या मानेला धरून तिने त्याला मागच्या पडवीत ढकललं होतं आणि बाहेरून कडी लावली होती.

हे तिला आज आठवलं असं नाही. ते तिथेच होतं, महिनाभर. ती फक्त त्या बाजूला बघत नव्हती.

कुरकुऱ्याने थोडी वाट बघितली. थाप मिळाली नाही. मग तो स्वतःच निघाला. फळ्यांवरून धाडधाड आवाज करत, माणसांमधून वाट काढत, वळणापलीकडे गेला.

दिराने हातांनी तोंड झाकलं. मुकादमाने मान खाली घातली आणि दोर ओढायला घेतला.

"थांबा," ती म्हणाली.

मुकादमाला वाटलं ती भ्रमिष्ट झाली. त्याने समजावून सांगितलं की झालं, संपलं, सगळ्यांनी बघितलं, आता वर या.

"तो पळाला नाही. घरी गेलाय."

"घरी कोण आहे?"

"आई आहेत."

"त्या तर उठत नाहीत ना?"

"नाही," ती म्हणाली. "तरी थांबा."

मुकादमाने दिराकडे बघितलं. दिराने खांदे उडवले. मग सगळे थांबले, एवढ्या दुःखातल्या बाईचं मन कोण मोडणार. मावशींनी कठड्याला टेकून पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. ती चिखलात उभी होती आणि तिला सगळं लख्ख दिसत होतं, म्हणजे वाटत काही नव्हतं, नुसतं दिसत होतं. सासूबाई उठल्या नाहीत तर कुरकुऱ्याच्या कानातली कडी निघणार. आणि उठल्या, त्याच्या मागून आल्या, तर याचा अर्थ मागून येता येत होतं. गुडघे गेलेल्या म्हातारीलाही येता येत होतं. कुरकुऱ्या वाचावा असं तिला मनापासून वाटत होतं. आणि वळणावर कुणी दिसू नये असंही. दोन्ही एकदम.

बराच वेळ गेला. एकदोघं कामाला निघून गेले. मग आधी आवाज आला. ती कुरकुर सगळी वस्ती ओळखत होती.

वळणावरून कुरकुऱ्या आला. चार पावलं पुढे यायचा, थांबून मागे बघायचा, ओरडायचा, पुन्हा चार पावलं. आणि त्याच्या मागून सासूबाई. अनवाणी, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात दोरी. कपडे वाळत घालायची दोरी होती ती, घाईत खिळ्यावरून उपटलेली, आणि तिला एक उशीचा अभ्रा चिमट्यासकट लोंबत फळ्यांवरून फरफटत येत होता. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. दीर धावला, पण त्यांनी त्याचा हात झटकला. डबक्याच्या कडेपर्यंत त्या आल्या तेव्हा त्यांचा श्वास छातीत मावत नव्हता. कुरकुऱ्या येऊन कडेला उभा राहिला आणि एकदाचा गप्प झाला.

सासूबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग तिच्या कमरेचा दोर, मग मुकादम, मग जमलेली माणसं. बुडत कुणीच नव्हतं. त्यांना कळायला क्षणभर लागला. त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली.

मुकादमाने हळूच विचारलं, "आजी, तुम्ही कशा आलात?"

"दार ओरबाडत होता." त्यांनी श्वास घेतला. "आज कुणी यायचं नव्हतं घरी. मग म्हटलं, हा सांगतोय काय?"

हे त्या सहज बोलल्या. आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या हळूहळू फळीवर खाली बसल्या.

"सूनबाई. त्या दिवशीही असाच ओरबाडत होता गं."

"हो, आई."

"मी खाटेवरून ऐकत होते. बराच वेळ. मीच म्हणाले, पाणी ठेव."

"मी ठेवलं," ती म्हणाली. मग तिने मान वर करून दिराकडे बघितलं, कारण हे त्यालाच सांगायचं होतं. "पदर धरून ओढत होता मला, भावजी. मी त्याला पडवीत घातलं आणि कडी लावली. फरशी खराब होते म्हणून."

दीर तिच्याकडे बघत राहिला. तो काही म्हणेल, ओरडेल, निदान हात तरी उगारेल असं तिला वाटलं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तो भावाच्या सदऱ्याच्या लांब बाह्या वर सरकवत राहिला, खाली पडल्या की पुन्हा वर. मग तो मुकादमाजवळ गेला आणि त्याने दोराला हात घातला. दोघांनी मिळून तिला वर ओढलं.

मुकादमाने कुरकुऱ्याच्या कानातली कडी चाचपली आणि ती तशीच राहू दिली. जमलेल्यांकडे बघून तो म्हणाला की परीक्षा झाली. हे नियमात कसं बसवायचं ते त्याचं तो बघेल.

घरी जाताना दीर त्यांच्याबरोबर आला नाही. रात्रीपर्यंत येतो म्हणाला. ती आणि सासूबाई एकमेकींना धरून निघाल्या, पुढे कुरकुऱ्या. मावशींनी अभ्रा घडी करून सासूबाईंच्या काखेत दिला होता. वाट मोठ्या खांबावरूनच जाते. तिथे आल्यावर कुरकुऱ्या थांबला, वळला आणि त्याने पुठ्ठा पुढे केला.

सवयीचा गुलाम, दुसरं काय. त्याला थाप हवी होती, म्हणजे तो पुढे जाऊन दार ओरबाडणार होता.

तिने हात पुढे केला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. ओलसर, खरखरीत केस. थाप मारायला हात उचलवेना. खांबाच्या पलीकडे तो पट्टा होता, गवत उगवलेला, कधीही न हलल्यासारखा शांत.

"चल रे," सासूबाई कुरकुऱ्याला म्हणाल्या. "आता घरी कोण आहे सांगायला?"

कुरकुऱ्याला ते पटलं नाही. तो कुरकुरला, पण त्यांच्याबरोबर चालायला लागला.

घरी आल्यावर सासूबाई खाटेकडे गेल्या नाहीत. भिंतीला धरत चुलीशी गेल्या आणि त्यांनीच पाणी ठेवलं, मूठभर मीठ टाकलं. सूनबाईला त्यांनी पायऱ्यांवर बसवलं, कंदवाला बसायचा तिथेच, आणि घमेलं पुढे सरकवलं. कुरकुऱ्या चिखलाच्या पंजांनी आत-बाहेर करत होता. त्याला कुणी काही म्हटलं नाही. तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. सासूबाई बाजूला बसून तिच्या पोटरीवरची एक जळू बोटाने सोडवायला लागल्या.

"आई," ती म्हणाली, "भाजतंय."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग लोटीभर गार पाणी आणून त्यांनी घमेल्यात ओतलं. तरीही तिला भाजतच होतं, आणि आता हातावरचे फोडांचे वणही दुखायला लागले होते, आणि थंडीने दात वाजत होते, सगळं एकदम. ती मोठमोठ्याने रडायला लागली. कुरकुऱ्या दारात येऊन तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग पायऱ्या उतरून, थाप न मागताच, आवाराच्या दिशेला धावत सुटला, कुणाला तरी सांगायला.